पाहुणीच्या हातातली किटली

सणसरच्या दादासो मारकडांना दादासो म्हणून हाक मारणारी माणसं गावात आता फार उरलेली नाहीत. लहानथोर सगळे त्यांना 'पत्रकार' म्हणतात. पत्रकार, चहा घेणार का? पत्रकार, तुमची कालवड सुटलीय. बारामतीहून निघणाऱ्या 'दैनिक कऱ्हाकाठ'चे ते या भागातले वार्ताहर आहेत, आणि हे काम त्यांनी इतकी वर्षं केलंय की गावातल्या तरण्या पोरांना वाटतं, हा माणूस जन्मताना खिशाला पेन लावूनच आला असावा.

तसं काही नव्हतं. दादासोंचे वडील बिरदेव मेंढरांमागं चालत आयुष्य काढलेले. कालव्याचं पाणी रानात आलं तेव्हा त्यांनी मेंढरं विकली, तीन एकरांत ऊस लावला आणि पोराला शाळेत घातलं. पोरगं वाचायला शिकलं आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवू लागलं. वाचता वाचता एक दिवस त्याच्या लक्षात आलं की या पेपरात सणसर कधीच येत नाही. म्हणून त्यानं एक बातमी लिहून पाठवली. ती छापून आली, आणि मग दादासो थांबलेच नाहीत.

त्यांच्या बातमीची एक तऱ्हा होती. बातमी बंधाऱ्याची असो की बक्षीस समारंभाची, चार ओळींत ती उरकायची आणि मग शेपूट सुरू व्हायचं. 'यावेळी अमुक, तमुक, फलाणे, बिस्ताणे आदी मान्यवर उपस्थित होते.' हे शेपूट बातमीपेक्षा लांब असायचं. बारामतीच्या कचेरीतले लोक हसायचे, पण संपादक रणजितराव कधी कात्री लावत नसत, कारण त्यांना ठाऊक होतं की गावात पेपर शेपटाकडूनच वाचतात. दादासोंचं म्हणणं सरळ होतं. माणसाचं नाव मरायच्या आधी एकदा तरी छापून यावं. निधन वार्तेत तर काय, सगळ्यांचंच येतं.

त्यांचा दुसरा नियम होता, आणि तो ते पहिल्यापेक्षा कडक पाळत. आपल्या घरातलं काही छापायचं नाही. मुलगा गोकुळ कृषी पदविकेला जिल्ह्यात पहिला आला, तेव्हा दादासोंनी दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या पोरांची बातमी दिली. पहिला कोण आला, हे वाचणाऱ्यांनी ताडून घ्यायचं. गावानं याचं कौतुक केलं. पत्रकार सच्चा माणूस, म्हणाले. गोकुळ तेव्हा काही बोलला नव्हता.

तर अशा या माणसाच्या नशिबात परदेश लिहिला होता. त्याचं झालं असं. रणजितराव पुण्यात छोट्या वृत्तपत्रांच्या एका मेळाव्याला गेले होते. तिथं त्यांची गाठ नेपाळच्या एका संपादकाशी पडली. त्या संपादकांचं 'तराईको माटो', म्हणजे तराईची माती, नावाचं साप्ताहिक सर्लाही नावाच्या जिल्ह्यातून निघतं. तो जिल्हाही उसाचा. दोघांचं जेवण होईपर्यंत कारखान्याच्या गप्पा झाल्या आणि बडीशेप खाता खाता ठरलं की आपण एकमेकांकडे एकेक बातमीदार पाठवू. आधी त्यांचा इकडे येईल, मग आपला तिकडे जाईल. तीन आठवडे राहायचं, लॉजवर नाही, बातमीदाराच्या घरीच. आणि शेवटी दोघांनी मिळून एक वृत्तांत लिहायचा, तो दोन्ही पेपरांत एकाच दिवशी छापायचा. या शेवटच्या अटीवर नेपाळचे संपादक फार ठाम होते. त्यांनी मागं एकदा असाच कार्यक्रम केला होता आणि त्यांचा माणूस नुसती देवळं बघून परत आला होता. त्यामुळं त्यांनी स्पष्टच सांगितलं, खरा वृत्तांत आला नाही तर पुढची फेरी रद्द.

रणजितरावांनी दादासोंचं नाव घेतलं. घरी ऊस, गोठ्यात गायी, तोंडात साखर, अजून काय पाहिजे? दादासोंना आधी चेष्टा वाटली. मग, नेपाळला पासपोर्टच लागतो असं नसूनही हौसेनं काढलेला पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यांनी तो देवघरात ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. आयुष्यात ते गोव्याच्या पलीकडं गेले नव्हते. मेव्हण्यानं रुद्राक्ष सांगितला, सोसायटीच्या सेक्रेटरीनं शिलाजीत सांगितलं, आणि निरोप समारंभ कुठल्या हॉलमध्ये घ्यायचा यावर पारावर दोन तट पडले. सगळं ठरलं. फक्त नेपाळची पाहुणी यायची राहिली होती.

ती आली. रंजना महतो तिचं नाव, तिशी ओलांडलेली, शेलाटी, पाठीवर एक पिशवी आणि पायात कॅनव्हासचे बूट. तिची कल्पना अशी होती की बारामतीच्या स्टँडवर कोणीतरी भेटेल आणि एसटीनं गावात जाऊ. स्टँडच्या बाहेर फुलं लावलेली जीप उभी होती. पुढं हलगी होती. तिच्या डोक्याला भगवा फेटा बांधला गेला आणि तो तिच्या कपाळावरून घसरून डोळ्यांवर आला, तेव्हा टाळ्या पडल्या. दादासो त्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात होते आणि त्यांची छाती इतकी फुगली होती की वरचं बटण तुटलं.

पुढचे दिवस काय वर्णावे! मोरगावला गणपतीचं दर्शन झालं, तिथं सत्कार. लोणी भापकरला दादासोंचे जुने स्नेही होते, त्यांनी शाळेत कार्यक्रम ठेवला, तिथं सत्कार. दूध सोसायटीत सत्कार, बचत गटात सत्कार, व्यायामशाळेत सत्कार. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ आणि 'दोन शब्द' बोलायची विनंती. रंजना हिंदीत बोलायची. समोरच्यांना ते बऱ्यापैकी कळायचं, आणि नाही कळलं तरी माना डोलायच्या. दादासोंच्या पत्नी कौसल्याबाई रोज येणारे नारळ फोडून थकल्या. खोबऱ्याची चटणी झाली, वड्या झाल्या, शेजारीपाजारी वाटून झाले, तरी कोपऱ्यातला ढीग काही कमी होईना.

रंजना खुर्चीवरून उतरली की माणसांना गाठायची. शेती कशी आहे, पाणी कसं आहे, मुलंबाळं काय करतात, असं विचारायची. उत्तर एकच मिळायचं. झ्याक हाय. ज्याची विहिरीवरची मोटार सकाळीच जळाली होती, तोही झ्याक म्हणाला. जिची सून माहेरी निघून गेली होती, ती बाई म्हणाली, आमचं कुटुंब एकदम आनंदी. यात कोणी खोटारडं नव्हतं. पाहुण्यापुढं घरचं रडगाणं गायचं नसतं, एवढंच. गायलं तर ज्याच्या घरी पाहुणा उतरला त्याची मान खाली जाते. आणि इथं तर पाहुणी पत्रकारांची होती, ते स्वतः शेजारी उभे राहून प्रत्येक 'झ्याक'ला मान हलवत होते. इतकंच काय, बचत गटाच्या बायकांना त्यांनी आदल्या दिवशी बजावूनही ठेवलं होतं की बाहेरची बाई आलीय, चांगलं चांगलं सांगा. आयुष्यभर बातम्या गोळा केलेल्या माणसानं आपल्याच हातांनी बातमीच्या तोंडात पेढा कोंबला होता, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी रंजना अंगणात बाजेवर बसली होती. तिच्या संपादकांचा फोन येऊन गेला होता. दादासो आजच्या सत्काराचं सांगायला आले, तर तिनं घडी घातलेल्या शालींकडं बोट दाखवलं.

"आबा," ती हिंदीतच म्हणाली, "माझ्याकडं दहा-बारा शाली झाल्या. बातमी एकही नाही. मी परत जाऊन काय लिहू, तुमचं गाव सुखी आहे म्हणून?"

 गाव सुखीच आहे की, असं दादासो काहीतरी बोलले. ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. तीसुद्धा घर सोडून इतक्या लांब आली होती, तिलाही तिकडं चार माणसांना तोंड दाखवायचं होतं.  देवघरातला पासपोर्ट दादासोंना उभ्या जागेवरून दिसत होता, आणि आता तो तिथून हलत नाही, हे त्यांना कळून चुकलं.

कौसल्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांना हिंदी फारसं येत नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलेलं कळायला हिंदी लागत नाही.  दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर त्यांनी रंजनाला उठवलं, पोह्यांऐवजी कालची भाकरी चहाबरोबर पुढं ठेवली, आणि तिचं खाऊन झाल्यावर दुधानं भरलेली किटली तिच्या हातात दिली. स्टीलची जुनी किटली, अंगावर ठोक्यांनी कोरलेलं नाव, 'सौ. कौसल्या दादासो मारकड'. डेअरीवर जाऊन दूध घालून ये, म्हणाल्या. हातानं रस्ता दाखवला.

दादासो दात घासत होते. ते तसेच धावत आले. पाहुणीला शिळी भाकरी! पाहुणीच्या हातात किटली! लोक काय म्हणतील? मी तिच्याबरोबर जातो, म्हणून ते चपला शोधू लागले.

"तुमी कुठं बी जायचं न्हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुमी शेजारी उभं ऱ्हायलं की माणसं तोंड पुसून उभी ऱ्हात्यात. किटली हातात असली की माणूस घरचं हुतं. जाऊ द्या तिला."

रंजना गेली. दादासो बाजेवर बसले, उठले, परत बसले. शेवटी त्यांच्यानं राहवेना. ते मागच्या वाटेनं निघाले आणि डेअरीसमोरच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांची थप्पी होती तिच्यामागं जाऊन उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, पत्रकार, काय पाहिजे? ते म्हणाले, काही नाही, भाव बघतोय. तिथून रांग स्वच्छ दिसत होती आणि ऐकूही येत होतं.

सुरुवातीला रांग गोंधळली. पाहुण्याबाई तुमी कशाला, द्या इकडं, असं दोघातिघांनी म्हणून पाहिलं. रंजनानं किटली सोडली नाही. मग ज्यांच्या मागं ती उभी होती ते संभाजीराव किटलीवरचं नाव वाचून म्हणाले, आरं, कौसल्यावयनींनी धाडलंय, ऱ्हाऊ द्या. तेवढ्यावर विषय मिटला. तिच्यासाठी जागा झाली आणि रांग आपल्या रोजच्या बोलण्यावर आली. कालच्या दुधाला फॅट कमी लागली. वैरण महाग झाली. कोणीतरी मोटारसायकलवरून लग्नपत्रिका वाटत पुढं गेला, आणि त्याच्याकडं बघत एक म्हातारी म्हणाली, आपल्या दारात कवा यायची अशी वेळ कुणास ठावं.

आणि मग धरणाचा दरवाजा वर उचलावा तसं झालं. संभाजीरावांचा धाकटा भाऊ चाळिशीला टेकला, लग्न नाही. म्हातारीचा नातू, लग्न नाही. ट्रॅक्टर आहे, विहीर आहे, उसाला पाणी आहे, पण मुलीकडचे येतात, चहा पितात आणि विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का? नोकरी आहे का? शेणात हात घालायला आमची मुलगी नाही यायची. घराघरात एक पोरगा असा, काही घरांत दोन. रंजना काही विचारत नव्हती. किटली हातात धरून नुसती ऐकत होती. मग तिनं हिंदीत चार मराठी शब्द मिसळून आपलं सांगितलं. तिचा नवरा कतारला आहे. तिच्या गावातले सगळे तरणे पुरुष आखातात नाहीतर मलेशियात. गावात बायका, म्हातारी आणि पोरं. मयताला खांदा द्यायला माणसं पुरत नाहीत, आता बायकाच देतात. 

एका आगाऊ माणसानं त्यातही डोकं चालवलं. मग तिकडच्या पोरी इकडं आणल्या तर, असं तो म्हणाला. दोघीतिघींनी त्याच्याकडं डोळे वटारले. रंजना शांतपणे म्हणाली की आमच्या पोरीही हेच विचारतात, काठमांडूत घर आहे का, म्हशी किती आहेत. म्हशी असल्या तर नको म्हणतात. रांग हसली, आणि तो आगाऊ माणूससुद्धा हसला.

आणि तेवढ्यात संभाजीराव म्हणाले, "लांब कशाला, पत्रकारांचा गोकुळच बघा की. सोन्यासारखं पोरगं. तालुक्यात घरटी हे दुखणं हाय, पर पत्रकारांच्या पेपरात कवा आलं न्हाय. येईल कसं? त्येंच्याच घरात हाय."

ते कुचकेपणानं बोलले नव्हते. उलट मायेनंच बोलले, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. पेंडीच्या पोत्यांमागं दादासोंचे कान तापले. दुकानदाराची नजर चुकवून ते बाहेर पडले आणि कालव्याच्या कडेनं, लांबच्या वाटेनं घरी गेले.

रंजना परतली ती फुललेल्या चेहऱ्यानं. त्या दिवसापासून किटली तिचीच झाली. सकाळची नेई, संध्याकाळची नेई. दुपारी बायकांबरोबर खुरपायला जाई, त्यांच्याच बरोबर बांधावर जेवे. उरलेले सगळे सत्कार दादासोंनी रद्द केले. कारण विचारलं तर, पाहुणीची तब्येत बरी नाही, म्हणून सांगत. पाहुणी मात्र त्याच वेळी समोरच्या रानात गवताचा भारा डोक्यावर घेऊन चाललेली सगळ्यांना दिसे.

वृत्तांत तयार झाला. एका दुपारी अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून तिनं तो दादासोंना वाचून दाखवला. ती हिंदीत वाचणार आणि ते मराठीत उतरवणार, असं ठरलं होतं. दोन गावं होती त्यात. एका गावात नवऱ्या मिळत नाहीत, दुसऱ्या गावात नवरे राहत नाहीत, आणि दोन्ही गावांत ऊस सारखाच उंच वाढतो. तिनं स्वतःच्या नवऱ्याचंही लिहिलं होतं, नावासकट. लहान मुलगी फोनच्या पडद्याला बाबा म्हणते आणि सुट्टीला घरी आलेल्या माणसाला घाबरते, हेसुद्धा. दादासो ऐकत राहिले. इतक्या वर्षांत आपण असं एकदाही लिहिलं नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं नाही, इतकं ते चांगलं होतं.

मग ती थांबली. एक जागा मोकळी ठेवलीय, म्हणाली. या घराची. सगळ्या गावानं आपापल्या मुलांबद्दल सांगितलं, मी माझ्या घराचं लिहिलं, आणि ज्या घरात मी जेवले तेच घर वगळलं तर हा वृत्तांत खोटा ठरेल. तुमच्या परवानगीशिवाय मी लिहिणार नाही, पण खोटा पाठवणारही नाही.

दादासोंचा चेहरा उतरला. मग कडक झाला.

"ही बातमी न्हाय," ते म्हणाले. "ही घरातली गोष्ट हाय. माझं नेपाळ ऱ्हायलं तरी चालंल."

आणि खरंच चाललं असतं त्यांना, त्या क्षणी. पासपोर्ट, रुद्राक्ष, हॉल, सगळं त्यांनी मनातल्या मनात सोडून दिलं होतं. पोराची शोभा होण्यापेक्षा ते परवडलं. कौसल्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले, पण त्यांनी मान वर केली नाही.

गोकुळ रानातून जेवायला आला होता. हौदापाशी तो पाय धूत होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मुळात शांत माणूस. चौतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, स्वतःच्या उसात आणि गायींत रमलेला. त्यानं टॉवेलला हात पुसले आणि येऊन वडिलांसमोर जमिनीवर बसला.

"आबा, मला त्येची लाज वाटत न्हाय," तो म्हणाला. "माझं रान झ्याक हाय, गाया झ्याक हायत्या, मी बी हाय. पर बघायला आलेली माणसं चहा पिऊन गेली, की तुमी चार दिस कुणाशी बोलत न्हाय. मला त्येचंच वाईट वाटतं. आख्ख्या तालुक्याची नावं छापलीत तुमी. माझं एकदा छापा की."

तो उठला आणि जेवायला आत गेला. दादासो तिथंच बसले. कडुलिंबाची पानं पडत होती, ती झटकायचंही त्यांना सुचत नव्हतं. पहिल्या आलेल्या पोराचं नाव आपण गाळलं होतं, तेव्हा या पोरानं पेपर किती वेळ उलटा सुलटा करून बघितला असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांना रडू आलं, आणि सुनेच्या वयाच्या पाहुणीसमोर ते बिनदिक्कत रडले. रंजना उठून गेली नाही. कौसल्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

त्या दुपारी दादासोंनी सगळा वृत्तांत मराठीत उतरवला. मोबाईलवर टाइप करताना एका जागी त्यांचं बोट थोडं अडखळलं. मग त्यांनी नीट, पूर्ण लिहिलं. गोकुळ दादासो मारकड, कृषी पदविकेत जिल्ह्यात पहिला, वय चौतीस, अविवाहित. 'जिल्ह्यात पहिला' हे वृत्तांतात कुठं बसत होतं, असं रणजितरावांनी फोनवर विचारलं. दादासो म्हणाले, बसत नसलं तरी ऱ्हाऊ द्या, साहेब. संपादकांनी कात्री लावली नाही.

ठरलेल्या दिवशी वृत्तांत दोन्हीकडं छापून आला. दादासो त्या सकाळी घराबाहेर पडले नाहीत. आता गाव हसणार, असं धरून ते बाजेवर पेपर तोंडासमोर धरून बसले. पहिले आले संभाजीराव, आणि ते रागावलेले होते. गोकुळचं छापलं, आमच्या धाकट्याचं नाव कुठं हाय? त्यांच्या पाठोपाठ ती डेअरीवरची म्हातारी आली, नातवाचं नाव राहिलं म्हणून. दुपारपर्यंत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून फोन सुरू झाले. कोणीही हसलं नाही. सगळ्यांची तक्रार एकच, आमचं राहिलं. शेवटी दादासोंनी दुसऱ्या दिवशी एक छोटी बातमी दिली आणि तिला आपल्या आयुष्यातलं सर्वांत लांब शेपूट जोडलं. यातून कोणाचं लग्न जमलं का? अजून तरी नाही. पण पुढच्या वेळी मुलीकडची माणसं चहा पिऊन गेली, तेव्हा दादासो त्याच संध्याकाळी पारावर जाऊन बसले आणि काय झालं ते चौघांना सांगून मोकळे झाले. गोकुळ त्या दिवशी गोठ्यात शीळ घालत होता.

रंजना निघाली ती एसटीनं. जीप नाही, फेटा नाही. शाली तिनं बचत गटाच्या बायकांत वाटून टाकल्या होत्या. निघताना तिनं कौसल्याबाईंकडं एकच गोष्ट मागितली, आणि कौसल्याबाईंनी ती राखेनं लख्ख घासून तिच्या पिशवीत घातली.

दादासो नेपाळला गेले थंडी सरता सरता. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही, त्यामुळं हॉलवरून पडलेले दोन्ही तट त्यांच्यावर नाराज झाले. सर्लाहीला पोचले तेव्हा रंजनाच्या गावाच्या वेशीवर झेंडूच्या माळा घेऊन बायका उभ्या होत्या आणि एक खुर्चीही मांडली होती. दादासो खुर्चीवर बसले, माळ घालून घेतली, हात जोडले. आजच्या दिवसापुरतं, असं त्यांनी रंजनाला हळूच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या घराच्या मागच्या दारी गेले आणि त्यांनी किटली मागितली. ती तिथं फळीवरच होती, कौसल्याबाईंच्या नावासकट. रंजनाची सासू नको नको म्हणत राहिली. दादासो दुधानं भरलेली किटली घेऊन गावाच्या दूध केंद्रावर गेले आणि रांगेत उभे राहिले. रांगेत सगळ्या बायका होत्या. धुकं होतं, उसाच्या पाल्याचा वास येत होता, अगदी सणसरसारखा. त्यांच्या पुढं एक वयस्कर बाई उभी होती. तिनं वळून बघितलं, किटली बघितली, आणि पाहुण्याला विचारतात तसं अदबीनं हिंदीत विचारलं, तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना?

'झ्याक हाय' दादासोंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"नहीं, माई," ते आपल्या हिंदीत म्हणाले. "लडके का लगीन नहीं जमता."

 बाईनं आपला कॅन पायानं थोडा बाजूला सरकवला, त्यांना शेजारी जागा करून दिली, आणि स्वतःच्या मुलाचं सांगायला लागली.